लीफ्स पुन्हा सातव्या सामन्यात हरले. पोराला काय सांगू?

कराडकर_मिसिसागा | १९ मे २०२५, सकाळी ७:४०

आज व्हिक्टोरिया डेची सुट्टी. घरात सगळे झोपलेत आणि मी चहाचा दुसरा कप घेऊन लिहायला बसलोय. काल रात्री धड झोप नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टोरोंटो मेपल लीफ्स हा आमच्या गावचा आइस हॉकीचा संघ. काल तो घरच्या मैदानावर फ्लोरिडा पँथर्सकडून ६-१ असा हरला. सातवा, निर्णायक सामना. पाचवाही इथेच हरलो होतो, तोही ६-१. आणि या मालिकेत आपण आधी २-० ने पुढे होतो, हे टाइप करताना बोटं जड होतात.

कागदावर बघाल तर वर्ष झकास आहे. ८२ सामन्यांत ५२ विजय, १०८ गुण, अटलांटिक विभागात पहिला नंबर. करोनाच्या वेळचा तो तोकडा हंगाम सोडला तर विभागात पहिले आलो ते २००० सालानंतर आत्ताच. पहिल्या फेरीत ओटावाला सहा सामन्यांत घरी पाठवलं. मग काल असं का वाटलं की भाजणी भिजवली, सोऱ्या भरला, तेल तापलं आणि नेमका गॅस संपला?

खरा प्रश्न पुढेच आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा. लीफ्सच्या मार्नरची १६ नंबरची जर्सी घालून बसला होता. दुसऱ्या पिरियडमध्ये तीन गोल खाल्ले तेव्हा म्हणाला, "बाबा, तुम्ही लहान होता तेव्हा तरी हे जिंकले होते का?" मी म्हटलं, नाही रे. "मग आजोबा लहान होते तेव्हा?" हो, म्हटलं, १९६७ साली. त्याने लगेच कराडला आजोबांना फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेसहा. बाबांना १९६७ म्हटलं की एकच आठवतं, कोयनेचा भूकंप. त्यांनी त्याला पंधरा मिनिटं भूकंप सांगितला. आता पोराची पक्की समजूत झालीय की लीफ्सनी कप जिंकला म्हणून कोयनेला भूकंप झाला.

तर मंडळी, हे वर्ष वाया गेलं म्हणायचं की नाही? आणि त्याला मी काय सांगू?

---

बर्फाचा_गोळा | १९ मे, ७:५२

पहिला! निदान इथे तरी कोणी ओव्हरटाइममध्ये हरवू शकत नाही.

---

स्कारबरोचे_मामा | १९ मे, ८:३०

कराडकर, मी इथे १९८८ पासून आहे. तुमचा मुलगा आत्ता रांगेत लागलाय, आम्ही रांगेत म्हातारे झालो.

१९९३ घ्या. लॉस एंजेलिसविरुद्ध सहावा सामना. ग्रेट्स्कीची काठी आमच्या गिल्मोरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं, पंच केरी फ्रेझर यांनी काही दिलं नाही. थोड्याच वेळात ओव्हरटाइममध्ये गोल कोणी मारला? ग्रेट्स्कीनेच. मग सातव्या सामन्यात इथे येऊन त्याने हॅटट्रिक केली. माझ्या तळघरात तेव्हा चौदा माणसं होती, एकही जेवला नाही. बायकोने मटण केलं होतं. ते तिने दुसऱ्या दिवशी शेजारच्या इटालियन कुटुंबाला दिलं आणि त्यांच्याशी मैत्री झाली ती आजतागायत आहे, एवढाच काय तो फायदा.

२०१३: बॉस्टनविरुद्ध सातवा सामना, तिसऱ्या पिरियडमध्ये ४-१ ने पुढे, हरलो ५-४. मग २०१८ बॉस्टन, २०१९ बॉस्टन. २०२१ ला मॉन्ट्रियलविरुद्ध ३-१ ने पुढे असताना मालिका घालवली. २०२२ टॅम्पा. २०२४ पुन्हा बॉस्टन. आणि काल. मॅथ्यूज, मार्नर, नायलँडर ही मुलं आल्यापासून सातवा सामना सहा वेळा खेळलो आणि सहाही वेळा हरलो. शेवटचा सातवा सामना जिंकलो तो २००४ साली.

मुलाला सांगा, भूकंपाचंच खरं आहे. हे जिंकले तर धरणीमाता हलेल.

---

सदाशिवातला_साधा | १९ मे, ८:४१

पुण्याहून विचारतो. ही हॉकी म्हणजे आपली धनराज पिल्लेवाली नव्हे, बर्फावरची, एवढं कळलं. पण सहा सामने खेळून झाल्यावर सातवा कशाला? एकदाच काय ते उरकून मोकळं का होत नाहीत? वीज किती जात असेल त्या बर्फाला.

---

रिंकवाली_आई | १९ मे, ९:१५

@सदाशिवातला_साधा, माझी दोन्ही मुलं खेळतात, त्यामुळे मी पहाटे सहाच्या रिंकवर कुडकुडत ही विद्या शिकलेय. थोडक्यात सांगते.

एका वेळी बर्फावर पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. वीस मिनिटांचे तीन पिरियड. ताकद इतकी लागते की एक तुकडी पाऊण-एक मिनिट खेळते आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उड्या मारून दुसरी तुकडी आत येते. आपल्या खो-खोत तीन-तीन गड्यांच्या तुकड्या येतात ना, तसंच, फक्त पंच कोणासाठी थांबत नाही. प्लेऑफमध्ये सातपैकी आधी चार जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या जिंकल्या की स्टॅनले कप. म्हणजे नियमित ८२ सामने खेळून झाल्यावर आणखी सोळा विजय. दोन महिने चालतं ते. दाढ्या वाढवतात, हरेपर्यंत काढत नाहीत.

आमच्या लोकांना दाढी वाढवायला वेळच मिळत नाही, ही खरी व्यथा.

---

सदाशिवातला_साधा | १९ मे, ९:२२

खो-खोमुळे कळलं. धन्यवाद. वाचतोय.

---

हिशेबनीस | १९ मे, १०:०५

भावनेच्या गोष्टी बाजूला ठेवून आकडे बघू.

या लीगमध्ये प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा असते. यंदा ती ८ कोटी ८० लाख डॉलर होती. त्यातले मॅथ्यूज १ कोटी ३२ लाख ५० हजार, नायलँडर १ कोटी १५ लाख, टवारेस १ कोटी १० लाख, मार्नर १ कोटी ९ लाख. चौघांचे मिळून ४ कोटी ६६ लाख. मर्यादेच्या निम्म्याहून जास्त पैसा चार माणसांत. उरलेल्या निम्म्यात बाकीचा अख्खा संघ बसवायचा. चार पाहुण्यांना पुरणपोळी वाढली आणि बाकीच्या पंगतीला कटाची आमटी, तीही पाणी घातलेली.

नियमित हंगामात हे चालून जातं. नायलँडरने ४५ गोल मारले, मार्नरचे १०२ गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) झाले. प्लेऑफमध्ये समोरचा संघ चौघांना बांधून ठेवतो आणि मग विचारतो, बाकी कोण आहे? फ्लोरिडाकडे बाकीचे होते. काल त्यांचे गोल जोन्स, लुंडेल, गॅजोविच, लुओस्टारिनेन, राइनहार्ट, मार्शंड अशा सहा वेगवेगळ्या लोकांनी मारले. आमचा एक, डोमीने, आणि तो आनंद ४७ सेकंद टिकला.

शेवटच्या चार सामन्यांत मिळून आपले गोल किती? चार. ०, १, २, १. यापुढे काय विश्लेषण करायचं!

---

काकू_मार्खम | १९ मे, १०:४०

हिशेबनीस, आकडे बरोबर आहेत, पण स्टोलार्झला विसरलात. यंदा वाचवलेल्या फटक्यांच्या टक्केवारीत हा गोलरक्षक लीगमध्ये पहिला होता. फ्लोरिडाविरुद्ध पहिल्याच सामन्यात बेनेटचं कोपर त्याच्या डोक्याला लागलं आणि तो मालिकेत परत उतरला नाही. बदली गोलरक्षक वोल बिचारा लढला. सहाव्या सामन्यात त्यांच्या घरी जाऊन त्याने एकही गोल होऊ दिला नाही, २-०. कप्तान मॅथ्यूजनेच पहिला गोल मारला होता. ते सगळे काल एका रात्रीत नालायक कसे झाले?

आणि मॅथ्यूज वर्षभर दुखापतीतच खेळत होता. गेल्या वर्षी ६९ गोल, यंदा पंधरा सामने बाहेर राहून ३३. त्याच्याकडे बघूनच कळायचं की फटक्यात जोर नाही.

---

हिशेबनीस | १९ मे, १०:५८

काकू, बेनेटचं कोपर मान्य. पण चॅम्पियन संघ म्हणतात ते ज्यांचा पहिला गडी बाद झाल्यावर दुसरा उभा राहतो त्यांनाच. फ्लोरिडा गेल्या वर्षीचा विजेता आहे, उगाच नाही. त्यांचा खेळ कबड्डीतल्या साखळीसारखा आहे. चढाई करणारा आत आला की दोघं कोपऱ्यात नेतात, तिसरा कंबर धरतो. आमचे चौघे उत्तम चढाईपटू. बोनस गुण घेतात. साखळी तोडता येत नाही.

---

बर्फाचा_गोळा | १९ मे, ११:०३

कबड्डी + पुरणपोळी + भूकंप. या धाग्याला महाराष्ट्र शासनाचं अनुदान मिळायला हवं.

---

मॉन्ट्रियलकर | १९ मे, ११:३०

मी काही बोलत नाही. फक्त २४ कप आहेत एवढं नम्रपणे नमूद करतो. तुमचे १३. आणि १९६७ साली अंतिम फेरीत तुम्ही आम्हालाच हरवलं होतं, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही, शेवटची इच्छा पुरी करावी माणसाची.

---

स्कारबरोचे_मामा | १९ मे, ११:३४

मॉन्ट्रियलकर, तुमचाही शेवटचा १९९३ चा. कॅनडातल्या कोणत्याच संघाने त्यानंतर कप आणलेला नाही. भांडं भांड्याला काळं म्हणतंय.

---

धुळे_टू_डेनव्हर | १९ मे, १२:१०

कराडकरभाऊ, पोराला आरसीबी दाखवा. अठरावं वर्ष चालू आहे, एकदाही कप नाही, तरी दरवर्षी 'ई साला कप नामदे' (यंदा कप आमचाच). ते लोक खचलेत का? उलट त्यांच्याएवढा भक्तगण कोणाचा नाही. म्हणजे हरण्याचा आणि प्रेमाचा काही संबंध नाही हे सिद्ध होतं. आरसीबी आणि लीफ्स या सख्ख्या बहिणी आहेत. एकीचं लग्न ठरलं की दुसरीचंही ठरेल.

---

सनराइजचा_सुन्या | १९ मे, १२:४५

फ्लोरिडातून नमस्कार. पंधरा वर्षं इथे आहे. आमचं रिंक घरापासून वीस मिनिटांवर. कधीकाळी दोन तिकिटं घेतली की चार माणसं बसवायचे इतकं रिकामं असायचं (थोडी अतिशयोक्ती). आता बघा.

सगळे म्हणतात इथे राज्याचा आयकर नाही, ऊन आहे, म्हणून खेळाडू येतात. असेल. पण मला वाटतं, इथे कोणी त्यांना किराणा दुकानात अडवून 'कप कधी आणताय' विचारत नाही हा खरा फरक आहे. आमचा व्हेरहेगी कोणी निवडला होता ठाऊक आहे ना? २०१३ साली टोरोंटोनेच. आमचे प्रशिक्षक पॉल मॉरिस? तेही कधीकाळी तुमचेच. तुमचा माल चांगला असतो हो, दुकानात फार उकडतं.

आणि मार्शंड. मार्चमध्ये बॉस्टनहून आमच्याकडे आला. टोरोंटोला सातव्या सामन्यात हरवायची त्याची ही पाचवी वेळ, चार बॉस्टनकडून आणि एक आमच्याकडून. माणसाने एखाद्या गोष्टीत विशेष प्रावीण्य मिळवावं ते असं.

---

काकू_मार्खम | १९ मे, १:०५

सुन्या, जखमेवर मीठ चोळायचं ते चोळ, पण 'दुकानात उकडतं' हे मात्र पटलं.

मार्नर आमच्या मार्खममध्ये जन्मलेला मुलगा. लहानपणापासून लीफ्सचाच चाहता. फेब्रुवारीत चार देशांची स्पर्धा झाली तेव्हा कॅनडाला अमेरिकेचं ५१ वं राज्य करण्याच्या ट्रम्पच्या बडबडीने सगळा देश पेटला होता. अंतिम सामना बॉस्टनमध्ये, अमेरिकेविरुद्ध, ओव्हरटाइम. कॅनडाच्या मॅकडेव्हिडने विजयी गोल मारला तो पास कोणाचा? मार्नरचा. त्या रात्री आमच्या गल्लीत लोक थंडीत बाहेर येऊन नाचले. तीन महिन्यांत त्याच मुलाला काल शिव्या. बर्फावर जर्सी फेकल्या लोकांनी. मला तरी बघवलं नाही.

---

हिशेबनीस | १९ मे, १:२०

काकू, फेब्रुवारीतला पास मेमध्ये चालत नाही. १ कोटी ९ लाखांत मेमधलाही पास यायला हवा.

---

काकू_मार्खम | १९ मे, १:२३

तुमच्या कंपनीत तुम्ही हरलात की पन्नास हजार लोक चौकात उभे राहून बघतात का?

---

हिशेबनीस | १९ मे, १:२६

नाही. म्हणून मला १ कोटी ९ लाखही देत नाहीत.

---

संपादक | १९ मे, १:४०

दोघांनी जरा पाणी प्या. धागा छान चाललाय.

---

रिंकवाली_आई | १९ मे, २:१५

थोडं अवांतर. इथे हॉकीचं पंजाबीत समालोचन होतं हे भारतातल्यांना माहीत आहे का? २००८ पासून. हरनारायण सिंग यांनी २०१६ साली पिट्सबर्गच्या बोनिनोने गोल मारल्यावर 'बोनिनो बोनिनो बोनिनो' अशी जी आरोळी ठोकली ती सगळ्या लीगमध्ये गाजली. माझी शेजारीण जालंधरची, तिचे सासरे ऐंशीचे आहेत, त्यांना इंग्रजी येत नाही पण ऑफसाइड कुठला ते पंचाच्या आधी सांगतात.

मराठीत कधी होणार?

---

स्कारबरोचे_मामा | १९ मे, २:४०

होईल तेव्हा असं होईल (आकाशवाणीच्या चालीत वाचावे):

"...आणि श्रोतेहो, चकती आता नायलँडर यांच्याकडे, नायलँडर निघालेले आहेत, डावीकडून निघालेले आहेत, समोर दोन पँथर्स, त्यांना चकवलं, अतिशय देखणी हालचाल, वातावरण अत्यंत आल्हाददायक, उणे चार अंश, प्रेक्षक उभे राहिलेले आहेत, फटका... आणि चकती खांबाला लागून परत आलेली आहे. आता आपण काही क्षण विश्रांती घेऊ या, त्यानंतर कामगारांसाठी कार्यक्रम."

---

सदाशिवातला_साधा | १९ मे, २:५१

दंडवत मामा. कळत काही नाही, पण मीही आता हळहळलो.

---

पहिल्यांदाच_लिहितोय | १९ मे, रात्री ९:१०

बरीच वर्षं वाचनमात्र होतो. मी २०२२ मध्ये विद्यार्थी म्हणून आलो, आता ब्रॅम्प्टनला राहतो, रात्रपाळी करतो. मला हॉकी कळत नव्हती. गोदामात सोबतचे सगळे लीफ्सचे. पहिल्या हिवाळ्यात कोणाशी काय बोलायचं कळायचं नाही, तेव्हा एकाने सांगितलं, फक्त एवढं विचार, 'काल बघितलीस का?' पुढचा अर्धा तास तो बोलतो. खरंच तसं झालं. माझं इंग्रजी लीफ्सच्या पराभवांवर सुधारलं.

तिकीट मात्र एकदाही परवडलेलं नाही. एकदा कोणा त्रयस्थाकडून घ्यायला गेलो आणि फसलो, ते जाऊ दे. चौकातल्या मोठ्या पडद्यासमोर उभं राहून बघतो. परवा दुसरा सामना जिंकलो होतो तेव्हा एका अनोळखी बाईने मला मिठी मारली. आईला फोनवर सांगितलं नाही.

वर्ष वाया गेलं का ते मला सांगता येणार नाही. मला तर बरं गेलं.

---

काकू_मार्खम | १९ मे, ९:३०

बाळा, गणपतीत आमच्याकडे जेवायला ये. निरोप पाठवते, पत्ता कळव.

---

हिशेबनीस | २२ मे, सायंकाळी ५:०५

बातमी आली. अध्यक्ष ब्रेंडन शॅनहॅन यांचा करार वाढवला नाही. अकरा वर्षं होते. या अकरा वर्षांत प्लेऑफच्या फक्त दोन फेऱ्या जिंकल्या, २०२३ ला टॅम्पाविरुद्ध आणि यंदा ओटावाविरुद्ध. माझा राग चौघांच्या पगारावर होता, पण ते करार सहीसाठी कोणीतरी टेबलावर ठेवलेच ना. त्यामुळे काकूंचा मुद्दा अर्धा मान्य. अर्धाच.

---

काकू_मार्खम | २२ मे, ५:४०

अर्धा मान्य म्हणजे तुमच्याकडून पद्मश्रीच.

---

स्कारबरोचे_मामा | २२ मे, ६:१५

अध्यक्ष बदलून काय होतं? मी आल्यापासून किती आले नि गेले. मूळ दुखणं वेगळं आहे. हरले तरी रिंक भरलेलंच. तिकिटाला वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. जिलेबी शिळी असली तरी दुकानापुढे रांग असेल तर हलवाई कढई कशाला बदलेल?

---

रिंकवाली_आई | २२ मे, ६:५०

मामा, हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतेय आणि ते तितकंसं खरं नाही. यांनी पैसा ओतायला कधी हात आखडता घेतला नाही, दरवर्षी मर्यादेला टेकूनच खर्च करतात. कंजूष असते तर कारण सोपं असतं. यांना जिंकायचं असतं आणि जमत नाही, हे जास्त वाईट आहे. शाळेत न अभ्यास करता नापास होणारा आणि भरपूर अभ्यास करून नापास होणारा यांत आई म्हणून मला दुसऱ्याचीच काळजी वाटते.

---

धुळे_टू_डेनव्हर | ३ जून, दुपारी ३:२०

मंडळी!!! आरसीबी जिंकली!!! अहमदाबादला, पंजाबला ६ धावांनी हरवून. अठराव्या वर्षी. कोहली रडत होता, मी ऑफिसच्या स्वच्छतागृहात रडत होतो. थोरल्या बहिणीचं लग्न लागलं. आता धाकटीचं बघा.

---

बर्फाचा_गोळा | ३ जून, ३:२५

अरे देवा. म्हणजे आता जगात एकटे आपणच.

---

स्कारबरोचे_मामा | ३ जून, ३:४०

थोरली कोण नि धाकटी कोण ते नीट बघा. आमची अठ्ठावन्न वर्षांची आहे.

---

धुळे_टू_डेनव्हर | ४ जून, रात्री ८:३०

बंगळुरूचं आज वाचलं. गर्दीत चेंगरून माणसं गेली. कालचं माझं पोस्ट बघून कसंतरी झालं. काही दिवस गप्प बसतो.

---

सनराइजचा_सुन्या | १७ जून, रात्री ११:५०

सलग दुसरा. एडमंटनला सहाव्या सामन्यात ५-१. मिरवत नाही, फक्त एक सांगायला आलो. या प्लेऑफमध्ये आम्हाला सात सामन्यांपर्यंत ताणलं ते एकाच संघाने. टॅम्पा पाचात गेले, कॅरोलायना पाचात, एडमंटन सहात. तुम्ही सातात. कराडकर, हे मुलाला सांगता येईल.

---

हिशेबनीस | १७ जून, रात्री ११:५८

म्हणजे जगातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ आम्हीच, असं गणित मांडायचं का? मोह होतोय. पण सातव्यात ६-१ हरून 'ताणलं' म्हणायला जीभ रेटत नाही.

---

कराडकर_मिसिसागा | १ जुलै २०२५, दुपारी १:१०

धागा काढून मीच गायब झालो, माफी.

कॅनडा डे आहे आणि घरात सुतक. मार्नर व्हेगासला गेला. आठ वर्षांचा करार, वर्षाला १ कोटी २० लाख, बदल्यात आपल्याकडे निकोलस रॉय. मुलगा सकाळपासून खोलीत. जर्सी घडी करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलीय, तिथे त्याचा हात पोचत नाही. खुर्ची लावून ठेवली असणार.

हिशेबनीस, टवारेस मात्र राहिला. आधी १ कोटी १० लाख घ्यायचा, आता वर्षाला ४३ लाख ८० हजारांत चार वर्षं. मी त्याला हे सांगितलं, बघ, कमी पैशांत राहिला, त्याला गाव आवडतं. तर म्हणतो, "मग मार्नरला आवडत नव्हतं का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

---

काकू_मार्खम | १ जुलै, १:४५

आवडत होतं. नऊ वर्षं राहिला तो. आवडणाऱ्या गावातूनही माणसं जातात. तुम्ही कराड सोडलंत, मी सोलापूर. त्याला हे सांगा, कळेल.

---

हिशेबनीस | १ जुलै, २:०२

मी दोन महिने ज्याच्या नावाने बोटं मोडली तो गेला, आणि मला काही आनंद झालेला नाही. १०२ गुण कुठून आणणार आता? नोंद असावी.

---

कराडकर_मिसिसागा | १३ जुलै २०२५, रात्री १०:३०

शेवटचं लिहितो.

मामा, तुमच्या जुन्या रिंकची आठवण निघाली म्हणून आज त्याला मेपल लीफ गार्डन्स दाखवायला नेलं. १९६७ चा कप जिथे जिंकला तीच इमारत, कार्लटन आणि चर्च रस्त्यांच्या कोपऱ्यावर. सबवेने गेलो. कॉलेज स्टेशनवर एका फलाटावर लीफ्सचं भित्तिचित्र आणि समोरच्या फलाटावर मॉन्ट्रियलचं, रुळांच्या पलीकडून एकमेकांकडे बघत उभे. पोरगा घरून निघताना वरच्या कप्प्यातली जर्सी काढून घालूनच आला होता. मी काही बोललो नाही.

आता तिथे खाली किराणा दुकान आहे. भिंतीवर जुन्या खुर्च्यांचं केलेलं मोठं निळं पान. मुलाला वाटलं होतं संग्रहालय असेल, तिथे दूध, पाव, टोमॅटो. थोडा हिरमुसला. मग पंचविसाव्या रांगेत जमिनीवर तो लाल ठिपका दाखवला. रिंकचा मध्यबिंदू. चकती टाकून खेळ सुरू करायचे ते इथेच. तो ठिपक्याजवळ वाकून उभा राहिला, हातात माझी छत्री काठीसारखी धरून. समोरून एक गोरे आजोबा ट्रॉली घेऊन आले. त्यांनी जर्सीकडे बघितलं, पाठीवरचं नाव वाचलं, म्हणाले, "व्हेगास, हं?" आणि ट्रॉली बाजूला लावून स्वतः गुडघ्यावर हात ठेवून समोर वाकले. मध्ये कोणीतरी चकती टाकायला हवी होती म्हणून मी बास्केटमधलं लिंबू टाकलं.

आजोबांनी जिंकू दिलं नाही. मुलाने दुसऱ्यांदा टाकायला लावलं.

---

स्कारबरोचे_मामा | १३ जुलै, १०:४८

लिंबू कोणाकडे गेलं शेवटी?

---

कराडकर_मिसिसागा | १३ जुलै, १०:५५

सातपैकी आधी चार जिंकेल तो, असं ठरलं. २-२ वर असताना दुकानातली बाई आली.

---

काकू_मार्खम | १३ जुलै, ११:०१

आणि सामान काय आणलंत?

---

कराडकर_मिसिसागा | १३ जुलै, ११:०६

दूध, कोथिंबीर, एक चेपलेलं लिंबू. सप्टेंबरमधल्या सराव सामन्याची तिकिटं निघाली की दोन घ्यायची असंही ठरलंय, पण ते अजून घरी सांगितलेलं नाही. इथे कोणी बोलू नका, बायको हा धागा वाचते.

---

रिंकवाली_आई | १३ जुलै, ११:१२

वाचला तिने. आत्ताच मला फोन आला. तीन घ्या म्हणतेय.